फलक उतरवणारे आणि उतरवायला लावणारे: फुटलेल्या पक्षातील एका मारहाणीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मराठवाड्यातील गोदाकाठच्या एका तालुक्यात घडले. व्यक्ती, गाव आणि पक्ष ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत, पदांची नावे कोणत्याही पक्षाला लागू पडतील अशी ठेवली आहेत आणि दोन गटांना येथे अ गट व ब गट असे म्हटले आहे. जून २०२२ मध्ये शिवसेना आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस असे राज्यातील दोन पक्ष फुटले. या तालुक्यातील पक्ष त्यांपैकी कोणता, याला फारसे महत्त्व नाही, कारण तालुका पातळीवर दोन्हीकडे जे घडले त्यात डावे-उजवे करण्यासारखे काही नव्हते.

कायद्याची एक बाजू आधी सांगावी लागेल. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीची तरतूद, आली तेव्हा विधिमंडळ पक्षातील एक तृतीयांश सदस्य वेगळे झाले तर ती फूट मानली जाई आणि त्या सदस्यांना अपात्रतेपासून संरक्षण मिळे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ही तरतूद काढून टाकली आणि दोन तृतीयांश सदस्यांसह विलीनीकरण एवढीच वाट ठेवली. ज्यांना दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचे नाही त्यांना तेव्हापासून ‘आम्ही बाहेर पडलो’ असे म्हणण्याची सोय राहिली नाही. ‘आम्हीच मूळ पक्ष’ असेच म्हणावे लागते. मुंबई आणि दिल्लीत हा वकिलांचा युक्तिवाद असतो. तालुक्यात त्याचा परिणाम असा झाला की खालच्या पातळीवर कोणीच राजीनामा लिहून दिला नाही आणि सदस्यांच्या एकाच यादीवर दोन जिल्हाध्यक्ष हक्क सांगू लागले.

चिन्हाच्या वादाने त्यात भर घातली. १९६८ च्या निवडणूक चिन्हे आदेशातील परिच्छेद १५ नुसार फुटलेल्या पक्षाचे नाव आणि चिन्ह कोणाकडे जावे हे निवडणूक आयोग ठरवतो, आणि सादिक अली प्रकरणात १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताची कसोटी ग्राह्य धरल्यापासून डोकी मोजून दाखवणे हे प्रत्येक गटाचे पहिले काम होऊन बसले. त्यामुळे शपथपत्रांची मोहीम निघाली. या तालुक्यात तहसील कचेरीच्या आवारातील मुद्रांक विक्रेत्यासमोर आज एका गटाची रांग, तर पुढच्या महिन्यात दुसऱ्या गटाची, असे दृश्य होते, आणि दोन्ही रांगांत काही चेहरे तेच होते.

आयोगाने नाव-चिन्हाचे निकाल फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दिले, परंतु पक्षाची कार्यालये कोणाची, हा प्रश्न त्या आदेशाच्या कक्षेत येतच नाही. येथील तालुका कार्यालय कार्यकर्त्यांच्या वर्गणीतून उभे राहिलेले होते. कोणी सिमेंटची पोती दिली होती, कोणी ट्रॅक्टरभर वाळू. जागा मात्र तत्कालीन तालुकाध्यक्षांच्या वैयक्तिक नावावर घेतली गेली आणि विश्वस्त संस्था स्थापन करून ती तिच्या नावावर करण्याचे ठरले असूनही राहून गेले. तालुकाध्यक्षांच्या निधनानंतर नगरपरिषदेच्या कर आकारणी नोंदवहीत मुलाचे नाव लागले. मुलगा ब गटात गेला. कुलपाच्या किल्ल्या अ गटाकडे राहिल्या.

घटना

२०२३ च्या अखेरीस, गळीत हंगाम भरात असताना, एका सायंकाळी अ गटाचे पाच-सहा कार्यकर्ते या कार्यालयात मतदार यादीचे काम करत बसले होते. दोन जीप आणि काही मोटारसायकलींवरून ब गटाची माणसे आली. दर्शनी भागावरचा फलक लोखंडी चौकटीत वेल्डिंग करून बसवलेला असल्यामुळे त्यांनी गॅरेजमधून कटर सोबत आणला होता. पुढे सर्वांत महत्त्वाचा ठरायला हवा होता तो हाच तपशील. रागाच्या भरात आलेला जमाव कटर घेऊन येत नाही.

आतील कार्यकर्त्यांपैकी विशीतला एक बूथप्रमुख, ज्याला येथे तक्रारदार म्हटले आहे, मोबाइलवर चित्रीकरण करू लागला. त्याला मोबाइल बंद करण्यास सांगण्यात आले, त्याने केला नाही, आणि कोपऱ्यात ठेवलेल्या झेंड्याच्या लोखंडी पाइपने त्याला मारहाण झाली. डाव्या हाताची कोपराखालची दोन्ही हाडे मोडली आणि भुवईवर खोल जखम झाली. पाइप हातात असलेला इसम तालुक्यात सर्वांच्या परिचयाचा होता. जेसीबी आणि वाळूच्या हायवा गाड्यांचा त्याचा व्यवसाय होता, आणि कोणत्याही सभेला गाड्या कमी पडल्या की त्यालाच फोन जात असे. त्याला येथे मुख्य आरोपी म्हटले आहे.

त्याच रात्री ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात अ गटाची चाळीसेक मुले जमली. ब गटाच्या एका नेत्याचा पेट्रोल पंप जवळच होता आणि तिकडे निघण्याची भाषा सुरू झाली होती. अ गटाचे जिल्हाध्यक्ष तेथे पोहोचले तेव्हा त्यांनी शांततेचे भाषण केले नाही. त्यांनी शाळेची एक वही मागवली आणि सांगितले, “ज्याला ज्याला जायचं आहे, त्यानं आधी इथं नाव लिहून सही करायची. हीच यादी साक्षीदार म्हणून फिर्यादीसोबत पोलिसांना देणार आहे.” वहीत सहा नावे आली. उरलेल्यांपैकी बहुतेक जण चहा पिऊन येतो म्हणून निघून गेले. या संपूर्ण प्रकरणात इतका नेमका निर्णय दुसरा झाला नाही. त्या रात्री पंपाला आग लागली असती तर पुढचे काहीच लिहिण्याजोगे राहिले नसते, कारण दोन्हीकडे सारखेच गुन्हे झाले असते आणि सारखीच माफी.

प्रश्न नेमका कोणता होता

मारहाण कोणी केली हे पहिल्या दिवसापासून सर्वांना माहीत होते. अडचण वेगळीच होती. ब गटाच्या जिल्हाध्यक्षांनी दुसऱ्या दिवशी जाहीर केले की संबंधित इसम त्यांचा पदाधिकारी नाही आणि हा पैशाच्या देवघेवीतला वैयक्तिक वाद आहे. अ गटाने सांगितले की तो केव्हाच ब गटात गेल्यामुळे त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणजे चिन्हासाठी ज्याचे शपथपत्र दोघांनाही हवे होते, तो मारहाणीनंतर कोणाचाच नव्हता.

बाहेरून जबाबदारी निश्चित करू शकेल अशी यंत्रणाही येथे तोकडी पडते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ नुसार नोंदणीच्या वेळी पक्षाला राज्यघटनेशी निष्ठा राखण्याची हमी द्यावी लागते, परंतु सदस्याने हिंसा केली तर पक्षाने काय करावे, याविषयी ते कलम मौन बाळगते. झालेली नोंदणी रद्द करण्याचा आयोगाचा अधिकार अत्यंत मर्यादित आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच स्पष्ट केले आहे. राहिले पोलीस. पोलीस मारणाऱ्यापर्यंत पोहोचतात. पाठवणाऱ्यापर्यंत पोहोचायचे तर कट किंवा चिथावणी सिद्ध करणारा पुरावा लागतो, आणि तो पुरावा ज्यांच्याकडे असतो ती माणसे बहुधा त्याच पक्षात असतात.

विचारात घेतलेले पर्याय

अ गटाच्या जिल्हा कार्यकारिणीच्या बैठकीत चार मते मांडली गेली. मोर्चा आणि तालुका बंदचा पर्याय तरुणांचा होता, आणि तो लगेच मागे पडला, कारण व्यापारी ब गटाच्या बाजूचे होते आणि हंगामात बाजारपेठ बंद ठेवण्यास हमाल मंडळीही राजी नव्हती. दुसरे मत असे होते की सर्व काही पोलिसांवर सोपवून पक्षाने गप्प बसावे. यामागे सद्हेतू होता. पक्षाने समांतर चौकशी केली तर फौजदारी खटल्यात गोंधळ होतो, असे एका ज्येष्ठ वकिलांचे म्हणणे होते आणि ते निराधार नव्हते, हे पुढे दिसेल.

तिसरे मत उघडपणे कोणी मांडले नाही, पण बैठकीत ते सतत जाणवत होते: प्रकरण थोडे थंड होऊ द्यावे आणि मग ‘बसून मिटवावे’. मराठवाड्याच्या सहकारी राजकारणात ही वाट मळलेली आहे. ज्यांच्याशी विधानसभेला लढायचे त्यांच्याबरोबरच बाजार समितीत आणि कारखान्यात पॅनेल करायचे असते, त्यामुळे कोणतेही वैर पूर्ण तोडून चालत नाही. चौथा पर्याय पक्षांतर्गत चौकशी समितीचा होता आणि तोच स्वीकारला गेला. तो स्वीकारण्यामागे न्यायबुद्धी किती आणि वेळ काढण्याची इच्छा किती, याची विभागणी करणे कठीण आहे. समिती तिघांची होती: निवृत्त मुख्याध्यापक असलेले अध्यक्ष, पंचायत समितीच्या माजी सभापती आणि एक वकील.

केलेली कारवाई

पोलीस ठाण्यात फिर्याद मध्यरात्रीनंतर नोंदवली गेली. ग्रामीण रुग्णालयात त्या वेळी एक्स-रे काढणारा कर्मचारी नव्हता, त्यामुळे पहिल्या वैद्यकीय प्रमाणपत्रात जखमांचे वर्णन आले पण हाडांविषयीचे मत राखून ठेवले गेले आणि गुन्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३२४ खाली (धोकादायक हत्याराने साधी दुखापत), बेकायदेशीर जमाव आणि दंग्याच्या कलमांसह, दाखल झाला. हाड मोडणे ही कलम ३२० नुसार गंभीर दुखापत असल्यामुळे कलम ३२६ लागायला हवे होते, ज्यात दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपेचीही शिक्षा होऊ शकते आणि जे अजामीनपात्र आहे. जिल्हा रुग्णालयात दुसऱ्या दिवशी एक्स-रे निघाला. त्या फिल्म तक्रारदाराच्या मामाने औषधांच्या पिशवीत घालून घरी नेल्या आणि त्या तेथेच खुंटीला लटकत राहिल्या. अंतिम प्रमाणपत्र मागवण्याचे पत्र ठाण्यातून निघाले की नाही, याची विचारपूस करणारे कोणी नव्हते. समितीतील वकिलांच्या लक्षात ही बाब आल्यावर त्यांनी फिल्म आणि प्रमाणपत्र तपास अधिकाऱ्यांकडे लेखी पोच घेऊन जमा केले आणि त्यानंतर कलमवाढ झाली. तोपर्यंत मुख्य आरोपी जामिनावर बाहेर आला होता.

दरम्यान ब गटाकडून उलट फिर्याद आली. तीत तक्रारदाराने शिवीगाळ करून टेबलाच्या खणातील रोकड नेल्याचा आरोप होता. परस्परविरोधी गुन्हे दाखल झाले की प्रतिबंधक कारवाईची नोटीस दोन्ही बाजूंना सारखीच जाते, आणि तशी ती गेली. हात प्लास्टरमध्ये असलेला तक्रारदार आणि त्याला मारणारा, दोघेही शांतता राखण्याचा बंधपत्र-जामीन द्यायला तहसील कचेरीच्या एकाच बाकावर बसले होते. बघणाऱ्याला दोघांत फरक करता यावा, अशी कोणतीही खूण त्या कागदांत नव्हती.

समितीसमोरचा पहिला खरा निर्णय होता अधिकारकक्षेचा. अध्यक्षांनी सदस्यत्वाची कागदपत्रे मागवली. अ गटाच्या जिल्हा कार्यालयातील गठ्ठ्यांत मुख्य आरोपीचे अ गटाला निष्ठा सांगणारे शपथपत्र निघाले; ब गटाला दिलेल्या शपथपत्राची छायाप्रतही कोणीतरी आणून दिली. दोन्हींवर त्याची सही होती आणि दोन्ही शंभर रुपयांच्या मुद्रांकावर होती. राजीनामा कोठेच नव्हता. कार्यकारिणीतील बहुतेकांचे म्हणणे असे की हे शपथपत्र बाहेर काढू नये. समितीने उलट भूमिका घेतली: जोपर्यंत राजीनामा किंवा निष्कासनाचा ठराव समोर येत नाही, तोपर्यंत तो पक्षाचा सदस्य मानला जाईल आणि त्याला नोटीस जाईल. नोटीस रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवली गेली. तिची प्रत ब गटाच्या जिल्हाध्यक्षांना देऊन संयुक्त सुनावणीचे निमंत्रणही दिले गेले. उत्तर एका ओळीचे आले आणि त्यात पुन्हा ‘वैयक्तिक वाद’ हेच शब्द होते.

अपेक्षा नसताना मुख्य आरोपी स्वतः एकदा समितीसमोर आला. तो अध्यक्षांच्याच शाळेत शिकला होता. बराच वेळ तो काही बोलला नाही, चहा घेतला, आणि मग म्हणाला, “गुरुजी, पाइप माझ्या हातात हुता हे सगळं गाव सांगायलंय. मला गाडीत बसिवलं कोनी, ते बी इचारा की.” अध्यक्षांनी नाव विचारले. तो हसला आणि उठून गेला. कार्यवृत्तात माजी सभापतींनी आपल्या हाताने हे वाक्य जसेच्या तसे लिहून ठेवले आहे. समितीचे उरलेले सर्व काम या एका वाक्याभोवती फिरायला हवे होते, असे माझे मत आहे. ते तसे फिरले नाही.

त्याऐवजी समितीने घटनेच्या साक्षीदारांचे सविस्तर जबाब घेतले. वहीत सही केलेले सहा जण, चहाच्या गाड्यावरचा मालक आणि बाजार समितीतील एक हमाल, यांनी काय पाहिले ते तारीखवार लिहून घेतले गेले. हेतू चांगला होता. परंतु पोलिसांनी घेतलेले जबाब आणि समितीने घेतलेले जबाब यांत तपशिलाचे फरक पडले. एकीकडे जमाव पंधरा जणांचा, दुसरीकडे पंचवीस जणांचा, एकीकडे पहिला फटका दारात, दुसरीकडे टेबलाजवळ. साक्षीदाराच्या आधीच्या लेखी निवेदनावरून उलटतपासणीत त्याला खोडून काढता येते, आणि समितीचे कागद बचावपक्षाच्या वकिलांपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. ज्येष्ठ वकिलांनी व्यक्त केलेली भीती ती हीच.

चौकशीत एक अडचणीची गोष्टही बाहेर आली. फलक प्रकरणाच्या आठवडाभर आधी अ गटाच्या दोन कार्यकर्त्यांनी ब गटाच्या एका नगरसेवकाच्या गाडीच्या काचा फोडल्या होत्या आणि त्याची साधी अदखलपात्र नोंद झाली होती. अहवालात हे घालायचे की नाही, यावर समितीत दोन बैठका झाल्या. वकिलांना वाटत होते की उलट फिर्यादीला हाताने बळ देण्याचे कारण नाही. माजी सभापतींचे म्हणणे होते की आपल्या माणसाचा दगड लपवून दुसऱ्याचा पाइप दाखवला तर तालुक्यात कोणी विश्वास ठेवणार नाही, कारण काचा कोणी फोडल्या हेही तालुक्याला माहीतच आहे. अखेर तो भाग अहवालात आला आणि दोघांना सहा महिने निलंबित करण्याची शिफारस झाली.

मिटवामिटवीचा टप्पा

नोव्हेंबर २०२४ मधील विधानसभा निवडणूक पार पडली आणि तालुक्याचे वारे फिरले. साखर कारखान्याची निवडणूक बिनविरोध करण्याची बोलणी दोन्ही गटांत सुरू झाली आणि त्या बोलण्यांत हा खटला खड्यासारखा लागू लागला. तक्रारदाराकडे निरोप येऊ लागले, आणि ते ब गटाकडून कमी, अ गटाकडून जास्त होते.

कलम ३२६ खालचा गुन्हा तडजोडपात्र नाही. त्यामुळे संमतीचे शपथपत्र करून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करावा, असे ठरत होते. ग्यानसिंग प्रकरणातील २०१२ च्या निकालाने उच्च न्यायालयांचा हा अधिकार मान्य केला आहे, मात्र गंभीर आणि समाजावर परिणाम करणाऱ्या गुन्ह्यांत तडजोडीवरून खटला संपवू नये असेही बजावले आहे. हाडे मोडेपर्यंत झालेली जमावाची मारहाण कोणत्या बाजूला पडेल, हे सांगता येत नव्हते, आणि वकिलांनी तसे सांगितलेही होते.

तक्रारदाराच्या वडिलांची अडचण मात्र कायद्याच्या पुस्तकात सापडणारी नव्हती. अडीच एकर ऊस उभा होता. नोंदीनुसार तोड यायला हवी होती, तरी टोळी शेजारच्या शिवारापर्यंत येऊन परत फिरत होती. चिटबॉय, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा माणूस, फोन उचलत नव्हता आणि शेतकी गट कार्यालयात ‘प्रोग्रॅम लागला की कळवतो’ एवढेच उत्तर मिळत होते. उसाला तुरे आले होते. वजन रोज घटत होते. कारखान्याच्या कोणत्याही कागदावर या विलंबाचा आणि खटल्याचा संबंध दिसणार नाही. वडील एवढेच म्हणत होते, “आधी टोळी येऊ द्या, मग कोर्टाचं बघू.”

मुद्रांक विकत घेऊन मजकूर छापून झाला होता. त्याच सुमारास, ९ डिसेंबर २०२४ रोजी, केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. त्या घटनेचा या प्रकरणाशी काहीही संबंध नाही, परंतु नंतरचे अनेक आठवडे मराठवाड्यातील घराघरांत दुसरा विषय नव्हता आणि गुंडगिरीला वेळीच कोणी अडवत नाही तेव्हा ती कोठवर जाते, हे लोक आपापल्या तालुक्यातील उदाहरणे देऊन बोलू लागले. तक्रारदाराच्या आईने सही करू नको असे सांगितले. त्याने सही केली नाही. ऊस शेवटी ओळखीच्या गुऱ्हाळवाल्याला मिळेल त्या भावाने गेला.

निष्पत्ती

समितीचा अहवाल जिल्हाध्यक्षांना सादर झाला. प्रदेश कार्यालयाकडे पाठवताना त्यातील काचा फोडल्याचा भाग आणि मुख्य आरोपीचे ते वाक्य असलेली पाने गळाली. निलंबित केलेले दोघे लोकसभेच्या प्रचारात पुन्हा बूथवर दिसू लागले होते. मुख्य आरोपीला अ गटाने पक्षातून काढल्याचा ठराव केला. ब गटाने पुढे त्याला तालुका कार्यकारिणीत पद दिले. एका परीने त्यामुळे तो कोणाचा, हा प्रश्न सुटला.

दोषारोपपत्र आठ जणांवर दाखल झाले. कटर कोणाच्या सांगण्यावरून कोणत्या गॅरेजमधून आला, जीपचे डिझेल कोणी भरले, हे त्यात नाही. खटला घटनेच्या वेळी लागू असलेल्या दंड संहितेखालीच चालू आहे. दोन साक्षीदारांनी दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब दिलेले असल्यामुळे ते अद्याप टिकून आहेत. चहावाल्याने गाडा दुसऱ्या चौकात हलवला आहे आणि त्याच्याविषयी कोणी खात्री देत नाही. तक्रारदाराच्या हातात धातूची पट्टी बसवलेली आहे. मोटारसायकलचा क्लच दाबताना बोटांना मुंग्या येतात, म्हणून तो आता स्कूटर चालवतो. तो अजून अ गटातच आहे, पण बूथप्रमुखपद त्याने सोडले.

डिसेंबर २०२५ मधील नगरपरिषद निवडणुकीत महिलांसाठी राखीव असलेल्या एका जागेवर ब गटाने मुख्य आरोपीच्या पत्नीला उमेदवारी दिली. उमेदवाराने स्वतःवरील गुन्ह्यांची माहिती शपथपत्रात द्यावी लागते. तिने ती दिली, नियमानुसार दिली, आणि त्या रकान्यात ‘निरंक’ असे लिहिले.

वेगळे काय करता आले असते

पहिली संधी घटनेच्या आधीची होती. कार्यालयाच्या ताब्यावरून कुरबूर महिनोन्‌महिने चालू होती आणि फलक उतरवला जाणार ही कुणकुण अ गटाला होती. स्थावर मालमत्तेच्या ताब्यावरून शांतताभंग होण्याची शक्यता असेल तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४५ खाली, म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६४ खाली, अर्ज करता येतो आणि गरज पडल्यास जागा जप्त करून कुलूप लावता येते. अ गटाने अर्ज केला नाही, कारण कुलूप लागले असते तर किल्ल्या हातातून गेल्या असत्या. ताबा टिकवण्याची किंमत एका कार्यकर्त्याच्या हाताने भरली गेली, असे म्हणणे कठोर वाटेल, पण हिशेब तसाच आहे.

दुसरी गोष्ट पत्रकार परिषदेची. वर तिचा उल्लेख आला नाही, कारण तिच्यातून काहीच निष्पन्न झाले नाही. तिसऱ्या दिवशी तक्रारदाराला प्लास्टरसह जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन कॅमेऱ्यांसमोर बसवले गेले, तेव्हा त्याचा पुरवणी जबाबही झालेला नव्हता. त्याने तेथे जे सांगितले ते आता बचावपक्षाच्या पेनड्राइव्हमध्ये आहे. त्याच दिवशी कोणीतरी एक्स-रेची पिशवी शोधली असती तर मुख्य आरोपी इतक्या सहज बाहेर आला नसता.

समिती नेमणे चुकीचे होते, असे मला वाटत नाही. तिने चुकीचा प्रश्न जास्त वेळ विचारला. मारणारा कोण, हे शोधणे पोलिसांचे काम आहे आणि त्यासाठी त्यांच्याकडे पंचनामा, मुद्देमाल आणि जबाब ही साधने आहेत. पाठवणारा कोण, निरोप कोणत्या बैठकीत निघाला, गाड्या कोणाच्या खात्यावर लागल्या, मारहाणीनंतर कोणत्या पदाधिकाऱ्याने कोणाला फोन करून काय सांगितले, हे पक्षाच्या माणसांनाच विचारता येते आणि पक्षाची माणसेच त्याचे उत्तर देऊ शकतात. समितीने प्रत्यक्षदर्शींना हात न लावता एवढ्यावरच काम केले असते, तर खटल्याला धक्का लागला नसता आणि मुख्य आरोपीने अर्धवट उघडलेले दारही बंद झाले नसते. तो पुन्हा बोलला असता का, हे सांगता येत नाही. ब गटातील एक जुन्या महिला पदाधिकारी मात्र दोनदा माजी सभापतींच्या घरी येऊन गेल्या होत्या. त्यांना औपचारिक निमंत्रण कोणी दिले नाही. जिल्ह्याबाहेरच्या, दोन्ही गटांना मान्य असलेल्या एखाद्या जुन्या कार्यकर्त्याकडे ते काम सोपवले असते तर त्या बोलल्या असत्या, असे माजी सभापतींना आजही वाटते.

राहिला साक्षीदारांचा विषय. साक्षीदार संरक्षण योजना २०१८ पासून लागू आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने महेंद्र चावला प्रकरणात तिला मान्यता दिली आहे. अर्ज जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे करायचा असतो. या प्रकरणात तो कोणी केला नाही, कारण तालुक्यात तो नमुना कोणी पाहिलेलाच नव्हता. वहीत सही करणाऱ्या सहा जणांपैकी दोघे रोजंदारीवर काम करतात. तारखेला कोर्टात जायचे म्हणजे दिवसाचा रोज बुडतो, एसटीचे भाडे जाते, आणि पुढची तारीख पडली की दोन्ही पुन्हा. समितीच्या अहवालात या खर्चाची तरतूद जिल्हा शाखेने करावी, अशी शिफारस होती. ती गळालेल्या पानांत नव्हती, प्रदेश कार्यालयापर्यंत पोहोचली होती. तिच्यावर निर्णय झालेला नाही. सध्या हा खर्च तक्रारदार स्वतःच्या खिशातून करतो.